‘एरगन नंबर २’: हवाई बंदुकीच्या नळीचें माप व छर्रे यांविषयीं कांहीं विचार

कृष्णाकांठच्या एका गांवांतील इनामदार घराण्याच्या दप्तरांत इ. स. १९३४ सालीं केलेली वाटपाची एक याद आहे. याद मोडींत असून तिचे अकरा बंद आहेत. भांडीं, गालिचे, घड्याळें यांच्या नोंदी संपल्यावर आठव्या बंदावर हत्यारांचा तपशील लागतो. त्यांत तीन तरवारी, एक जंबिया, ठासणीच्या दोन मोडक्या बंदुका आणि त्यांखालीं ‘एरगन नंबर २’ अशी नोंद आहे. पुढच्या ओळींत छर्र्यांच्या तीन डब्या नंबर २ च्या व एक डबी नंबर १ ची, ती भरलेली, असें लिहिलें आहे.

सुमारें चौदा वर्षांपूर्वीं या दप्तराचा परिचय करून देणारी एक लहानशी पुस्तिका प्रस्तुत लेखकानें गांवच्या वाचनालयाकरितां लिहिली. तींत मीं असें विधान केलें कीं, घराण्यांत दोन हवाई बंदुका होत्या व त्यांपैकीं पहिली वाटपापूर्वींच नाहींशी झाली. आधार दोन: एक ‘नंबर २’ हे शब्द, आणि दुसरा नंबर १ च्या छर्र्यांची डबी. ज्याअर्थीं दुसरी आहे त्याअर्थीं पहिली असलीच पाहिजे, हें अनुमान मला त्या वेळीं निर्दोष वाटलें. ज्यानें मुलांना तीस वर्षें तर्कसंग्रह शिकविला त्याला स्वतःचा हेत्वाभास ओळखतां येऊं नये, ही शरमेची गोष्ट खरी. परंतु शरम एवढ्यापुरतीच राहिली नाहीं. हत्यारांची कोठी त्या काळीं ज्या कारकुनाच्या ताब्यांत होती त्याला १९३५ सालीं कामावरून दूर करण्यांत आलें होतें. कारण दप्तरांत कोठेंहि नमूद नाहीं. गांवांत मात्र एक जुनी कुजबुज होती, आणि माझ्या छापील वाक्यानें तिला पुराव्याचें रूप आलें. दोन वर्षांपूर्वीं त्या कारकुनाचा नातू मला येऊन भेटला व अत्यंत सभ्य शब्दांत त्यानें आधार विचारला. दाखविण्याजोगा आधार मजपाशीं नव्हता. तो शोधण्याच्या निमित्तानें हवाई बंदुकीच्या नळ्यांचीं मापें व छर्रे यांचा अभ्यास करावा लागला. त्यांतून जें निष्पन्न झालें तें येथें मांडतों. जुन्या घराण्यांच्या संग्रहांत अशीं हत्यारें व अशा यादी पुष्कळ असल्यामुळें विषय वाटतो तितका क्षुद्र नाहीं.

प्रथम ‘नंबर’ या शब्दाचा विचार करूं. बंदुकीच्या व्यवहारांत हा शब्द निदान चार अर्थांनीं येतो. पहिला अनुक्रमाचा, मीं तोच एक गृहीत धरला. दुसरा छर्र्यांच्या जोडनळी बंदुकीचा: ‘बारा नंबर’ म्हणजे ज्या नळींत एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्यांपैकीं एक बरोबर बसेल ती. येथें आंकडा वाढला कीं नळी बारीक होते. वीस नंबर ही बारा नंबरहून अरुंद. गोळ्याच्या वजनावरून तोफेची ओळख सांगण्याची आपल्याकडील जुनी रीत याच जातीची आहे. तिसरा अर्थ खुद्द छर्र्यांचा. तेथेंहि सहा नंबरचा छर्रा चार नंबरच्या छर्र्याहून लहान. चौथा अर्थ हवाई बंदुकीचा, आणि तो या दोहोंच्या उलट चालतो. इंग्रज कारखानदारांच्या परिभाषेंत नंबर १ ची नळी म्हणजे ०.१७७ इंच, नंबर २ ची ०.२२ इंच व नंबर ३ ची ०.२५ इंच. आंकडा मोठा तशी नळी मोठी. बारा नंबरच्या बंदुकीवर हात बसलेला कारकून ‘नंबर २’ लिहितांना कोणता अर्थ मनांत धरील, हें केवळ शब्दावरून ठरविणें अशक्य आहे.

‘छर्रा’ या शब्दानेंहि असाच घोंटाळा होतो. काडतुसांतील बारीक गोल दाणे छर्रे, आणि हवाई बंदुकींत एकेक घालावयाची कमरेंत बारीक असलेली शिशाची गोळी, तीहि छर्राच. इंग्रजींत या दोहोंना निराळे शब्द आहेत, मराठींत नाहींत. कोठें नुसते ‘छर्रे’ आढळले तर ते कोणत्या बंदुकीचे हें आजूबाजूच्या नोंदींवरूनच ठरवावें लागतें.

येथें संस्कृताच्या अभ्यासकांस एक इशारा दिल्यावांचून राहवत नाहीं. शुक्रनीतिसारांत लघुनालिक व बृहन्नालिक अशीं दोन यंत्रें वर्णिलीं आहेत, आणि कोणी कोणी त्यांवरून प्राचीन भारतांत सर्व प्रकारच्या बंदुका होत्या असें प्रतिपादन करतात. तें वर्णन अग्निचूर्णाचें, म्हणजे दारूचें आहे. हवेचा तेथें संबंध नाहीं. शिवाय लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं तो ग्रंथच एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें साधार मांडलें आहे. भस्त्रा, म्हणजे भाता, आपल्या लोहारांस पुरातन काळापासून ठाऊक होता, आणि युरोपांत अठराव्या शतकांत दस्त्यांत भाता बसविलेल्या हवाई बंदुका होत्या, हें दोन्ही खरें. पण या दोन खऱ्या गोष्टींना जोडणारा दुवा कोठेंहि नाहीं.

आतां मूळ प्रश्न. हवाई बंदुकीच्या नळ्या इतक्या बारीक कां, आणि त्यांत दोन मापें कां? यांपैकीं पहिल्याचें उत्तर शक्तीच्या सांठ्यांत आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्यांत जिरांडोनी नांवाच्या कारागिराची हवेची रायफल कांहीं काळ प्रचारांत होती. तिची नळी सुमारें १३ मिलिमीटर; म्हणजे तिच्या शिशाच्या गोळीचें वजन तोळ्याहून अधिक भरे. हें शक्य झालें याचें कारण तिच्या दस्त्यांत दाबलेल्या हवेचा कुप्पा असे, व तो भरण्यास हातपंपाचे शेंकडों दट्टे मारावे लागत. स्प्रिंगच्या बंदुकींत असा सांठा मुळींच नसतो. नळी मोडून किंवा खालची दांडी ओढून माणूस एकदां स्प्रिंग दाबतो. त्या एका ओढींत त्याच्या दंडानें जें काम केलें तेवढेंच भांडवल. चाप ओढतांच स्प्रिंग सुटते, नळकांड्यांतील दट्ट्या पुढें धांवतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, आणि त्या हवेच्या लोटानें छर्रा निघतो. तेव्हां स्प्रिंगची बंदूक करणाऱ्यापुढें पहिल्यापासून एकच प्रश्न होता: एका ओढीची शक्ति खर्चावयाची ती कोणत्या वजनावर? तोळाभर शिसें या शक्तीनें धड अंगणाबाहेरहि जाणार नाहीं. उत्तर अर्ध्या ते एक ग्रॅमच्या दरम्यान स्थिरावलें.

अमेरिकेंत न्यूयॉर्क संस्थानांतील हर्किमर गांवीं क्वॅकनबुश याच्या कारखान्यांत १८७० नंतर हवाई बंदुका होऊं लागल्या. त्यांची नळी ०.२१ इंचाची, आंत खांचा नसलेली, आणि गोळीच्या बुडाला हवा अडविण्यासाठीं लोकरीचा तुकडा चिकटविलेला. म्हणजे आरंभीं मापांत मुळींच एकवाक्यता नव्हती. त्याच देशांत मिशिगनमधील प्लिमथच्या एका पवनचक्क्यांच्या कारखान्यानें १८८८ पासून मुलांकरितां हवाई बंदुका काढल्या. पुढें १८९५ सालीं कारखान्यानें ‘डेझी’ हें बंदुकीचेंच नांव घेतलें. त्या शिकारी छर्र्यांतील ‘बीबी’ नांवाच्या आकाराचे गोल दाणे उडवीत. पुढें हे दाणे पोलादाचे झाले. ४.५ मिलिमीटरच्या बंदुकीसाठीं म्हणून ते आजहि विकले जातात, पण खांचा असलेल्या चांगल्या नळींत ते घालूं नयेत; पोलाद खांचांशीं जुळवून घेत नाहीं, उलट त्यांचीच धार मारतें.

ज्या बंदुकीशीं आपलें काम आहे ती बर्मिंगहॅमची. तेथील लिंकन जेफ्रीज या बंदुककारानें १९०४ सालीं एका रचनेचें पेटंट घेतलें: नळी घट्ट बसविलेली, तिच्याखालीं ओढावयाची दांडी, आणि छर्रा घालण्यासाठीं पाण्याच्या तोटीसारखी फिरणारी खिट्टी. बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, ज्यांची बी. एस. ए. हीं अक्षरें व तीन बंदुकांच्या उभ्या जुडीची खूण आपल्याकडे सायकलींमुळेंहि सर्वतोमुखीं झाली, त्या कंपनीनें १९०५ पासून ही बंदूक तयार केली. नळी हलत नसल्यामुळें नेम बिघडत नसे. त्या शहराच्या गुत्त्यांतून व क्लबांतून घंटेच्या लक्ष्यावर सामने होत. लोखंडी पत्र्यांतील लहानशा भोकांतून छर्रा गेला तरच मागली घंटा वाजावयाची. अशा खेळाला नंबर १ पुरेसा होता. बागांतील उपद्रवी जनावरांकरितां ज्यांना अधिक वजनाचा मार हवा होता त्यांच्यासाठीं त्याच सांच्यांत नंबर २ आला, आणि थोड्या प्रमाणांत नंबर ३ हि.

छर्र्याचा आकार याच काळांत निश्चित झाला. पुढें बोथट डोकें, मध्यें बारीक कंबर, मागें पोकळ घेर. युरोपांत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत डायाबोलो नांवाच्या दोरीवर फिरवावयाच्या भोंवऱ्याचें वेड पसरलें होतें. त्याच्याशीं साम्य म्हणून छर्र्याला तेंच नांव पडलें. आपण त्याला डमरूसारखा म्हणूं तर कोणालाहि चित्र काढून दाखवावें लागणार नाहीं. हा आकार शोभेचा नाहीं. घेर पातळ व पोकळ असल्यामुळें मागून हवेचा दाब येतांच तो फुगतो, नळीच्या मळसूत्री खांचांत बसतो व हवा निसटूं देत नाहीं. डोकें खांचांच्या मधल्या उंचवट्यांवरून सरकून छर्रा सरळ ठेवतें. कंबर बारीक असल्यानें घर्षण कमी होतें. आणि वजन पुढें व पसारा मागें असल्यामुळें हवेंत गेल्यावर बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणें तोंड पुढेंच राहतें.

नंबर १ घ्यावा कीं नंबर २, हा प्रश्न तेव्हांहि विचारीत व आजहि विचारतात. याचें उत्तर आवडीनिवडीवर सोडण्याचें कारण नाहीं. हिशेब करतां येतो. इंग्लंडांत १९६९ च्या नियमांनीं विनापरवाना हवाई रायफलीची शक्ति १२ फूट-पौंड, म्हणजे सुमारें १६ जूल, इतकी मर्यादित केली आहे. तीच आपण उदाहरणार्थ घेऊं. ०.१७७ चा नेहमींचा छर्रा ८.४ ग्रेनचा. त्याला ही शक्ति दिली तर वेग सेकंदास सुमारें ८०० फूट येतो. ०.२२ चा छर्रा १४.४ ग्रेनचा धरला तर वेग ६१० फुटांच्या आसपास. (१८० ग्रेनचा तोळा व ९६ गुंजांचा तोळा या हिशेबानें हीं वजनें अनुक्रमें साडेचार गुंजा व पावणेआठ गुंजांस किंचित् कमी अशीं पडतात, सोनाराच्या तराजूवर मीं तीं पडताळून पाहिलीं आहेत.) पंचवीस यार्डांवर पोंचेपर्यंत पहिला छर्रा नळीच्या रेषेच्या खालीं सुमारें दोन इंच येतो, तर दुसरा सुमारें साडेतीन इंच. अर्थात् अंतर नक्की ठाऊक नसेल तर नंबर १ चा नेम कमी चुकतो. उलट त्याच स्प्रिंगमधून नंबर २ ची नळी बहुधा किंचित् अधिक शक्ति काढते, कारण छर्र्याचें बूड रुंद असल्यानें कमी दाबाची हवाहि त्याला नेटानें ढकलते. आणि जेथें लागेल तेथें अधिक रुंद आघात करते. कागदी लक्ष्यासाठीं पहिली, बागेच्या राखणीसाठीं दुसरी, असा जो जुना संकेत आहे तो या हिशेबाशीं जुळतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर राखणीची गोष्ट बहुतेक इतिहासजमाच झाली. खेळाच्या नियमांनीं तर दहा मीटरच्या सामन्याला ४.५ मिलिमीटर हेंच माप बांधून दिलें आहे. १९८४ पासून तो सामना ऑलिंपिकमध्यें आहे. २००० सालीं अंजली वेदपाठक (भागवत) व २००४ सालीं सुमा शिरूर त्याच्या अंतिम फेरींत पोंचल्या, आणि २०२२ सालीं ठाण्याचे रुद्रांक्ष पाटील त्यांत जगज्जेते झाले. सामन्यांतील रायफली मात्र आतां स्प्रिंगच्या नसून सांठविलेल्या हवेच्या असतात.

याखेरीज ५ मिलिमीटरचें एक मधलें माप अमेरिकेंत शेरिडन कंपनीनें रूढ केलें. आपल्या संग्रहांत तें क्वचितच सांपडेल.

छर्र्याच्या वजनाविषयीं एक गोष्ट या विषयांतील जाणत्यांकडून शिकलों, ती सांगतों. स्प्रिंगच्या बंदुकींत छर्रा हा केवळ फेंकावयाचा पदार्थ नसून यंत्राचा एक भाग आहे. छर्रा क्षणभर अडून राहतो म्हणून दट्ट्यापुढें हवेची गादी तयार होते व दट्ट्या तिच्यावर टेकतो. छर्रा फार हलका किंवा सैल असेल तर गादी होण्यापूर्वींच हवा निसटते आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोंकावर आदळतो. असें वारंवार झालें कीं स्प्रिंग मोडते. फार जड असेल तर दट्ट्या हवेवर आपटून मागें उसळतो व शक्ति वायां जाते. नुसती बंदूक ओढून चाप दाबण्याची मुलांची संवय याच कारणानें घातक. म्हणून जड छर्रा तो जोराचा, हा बाजारांतला समज स्प्रिंगच्या बंदुकीस लागू पडत नाहीं. मध्यम वजनाचे, शुद्ध मऊ शिशाचे, घट्ट पण हातानें बसतील असे छर्रे घ्यावे. छर्र्यांच्या डोक्यांचीं मापें ४.४९, ४.५०, ४.५१ अशीं शतांश मिलिमीटरनें वेगळीं करून विकतात. एका नळीस जें मानवतें तें तिच्या सख्ख्या बहिणीसहि मानवेलच असें नाहीं.

आणि येथें आपण यादींतील बंदुकीपाशीं येऊन पोंचतों. ०.१७७ इंच म्हणजे ४.४९६ मिलिमीटर, इंग्रजी माप व युरोप खंडांतील ४.५ मिलिमीटर हें माप येथें एकच पडतें. परंतु ०.२२ इंच म्हणजे ५.५८८ मिलिमीटर, आणि खंडांतील माप ५.५. हा फरक केंसाएवढा दिसला तरी हवेला तेवढी फट पुरते. जुन्या इंग्रजी बंदुकांच्या नंबर २ च्या नळ्या ५.६ च्या छर्र्यांसाठीं होत्या. पुढें बाजारांत ५.५ हेंच माप सार्वत्रिक झालें. आज दुकानांतून ‘बावीस’चे म्हणून जे छर्रे मिळतात ते जुन्या नळींत घालून पाहणारा मनुष्य बंदूक निकामी झाली असा निर्णय देतो. दोष बंदुकीचा नसतो.

सदर बंदूक सध्यां घराण्याच्या एका शाखेकडे परवान्यावर आहे. मालकांच्या समक्ष व एका जुन्या बंदूक-कारागिराच्या हातून तिची तपासणी झाली. ती बी. एस. ए. चीच, खालच्या दांडीची. नळकांड्यावर तोटीच्या मागें २ चा आंकडा ठसठशीत उमटविलेला आहे. तो पाहतांक्षणींच माझ्या पुस्तिकेंतील विधानाचा अर्धा भाग कोसळला. परंतु ठशावर विसंबून एकदां फसलेल्या माणसानें पुन्हा ठशावरच विसंबणें बरें नव्हे, म्हणून नळी मोजून घेतली. बंदूक उडविली नाहीं, तसें करण्याची गरजहि नव्हती. तोटी काढून ठेवल्यावर नळीच्या तोंडांतून एकेक छर्रा सोडला. ४.५ चा छर्रा खडखडत जाऊन तोटीच्या पोकळींतून बाहेर पडला. ५.५ चा लांकडी काडीच्या टेंकूनें सहज सरकत गेला. भिंगाखालीं त्याच्या घेरावर खांचांची जेमतेम एक-दोन ठिकाणीं खूण दिसली. ५.६ चा मात्र काडीनें बेतानें ढकलावा लागला, आणि बाहेर आला तेव्हां घेराभोंवतीं खांचांच्या रेघा मोडींतल्या शिरोरेघेसारख्या अखंड उमटल्या होत्या. बंदूक नंबर २ ची, म्हणजे ०.२२ इंची नळीची, याविषयीं आतां संशय नाहीं.

उरला दुसरा आधार: नंबर १ ची भरलेली डबी. ही डबी अद्यापि आहे. नंबर २ च्या तिन्हींपैकीं दोन रिकाम्या होऊन एकींत गुंड्या भरल्या आहेत, तिसरीचा पत्ता नाहीं. नंबर १ ची मात्र तशीच भरलेली राहिली. छर्र्यांवर शिशाची पांढरी पूड चढली आहे. (अशा जुन्या डब्या उघडणारांनीं हात धुवावे, व पूड फुंकूं नये.) वरच्या कागदावर पांचशें ही संख्या वाचतां येते, मोजले तेव्हां ४८८ भरले. यावरून कांहीं सिद्ध होतें असें मी म्हणत नाहीं, कारण डब्या वजनानें भरतात व दहावीस कमीअधिक असणें नवलाचें नाहीं. परंतु घरांत नंबर १ ची बंदूक असती आणि मुलें तिच्याशीं खेळत असतीं, तर त्या डबीची ही अवस्था राहती ना.

मग ती आली कशी? याचें उत्तर जमाखर्चाच्या वह्यांत मिळालें असें वाटतें. १९२७ सालच्या कीर्दींत मुंबईहून मागविलेल्या हवाई बंदुकीची किंमत व हमाली पडली आहे. बंदूक एक, आणि पुढें ‘छर्रे डबी १’. त्यानंतर पांच आठवड्यांनीं पुन्हा छर्र्यांचा खर्च आहे, तो ‘नंबर २’ असा स्पष्ट उल्लेख करून. मधल्या काळांत मुंबईच्या दुकानास पाठविलेल्या एका नोंदणी पत्राचा टपालखर्चहि लागला आहे. १९२० ते १९३४ या सर्व वह्या मीं पान न पान पाहिल्या. दुसऱ्या हवाई बंदुकीची खरेदी कोठेंहि नाहीं, आणि हें घराणें चार आण्यांचा सुतळीचा तोडासुद्धां लिहून ठेवणारें होतें. माझा तर्क असा: मागणींत ‘छर्रे डबी १’, म्हणजे एक डबी, असें लिहिलें, दुकानदारानें तें ‘डबी नंबर १’ असें वाचलें व ०.१७७ चे छर्रे पाठविले. ते नळींतून गळून पडूं लागले तेव्हां पत्र गेलें, आणि पुढल्या खेपेस नंबर स्पष्ट लिहिला गेला. चुकीची डबी परत करण्याच्या खर्चापेक्षां ठेवून घेणें स्वस्त पडलें असेल. हा तर्क आहे, पत्र सांपडेपर्यंत तर्कच राहील. परंतु पहिली बंदूक होती या म्हणण्यास आतां तर्काचाहि आधार उरलेला नाहीं. जी बंदूक कधीं आलीच नाहीं ती कोणी विकली नाहीं. सदर पुस्तिकेंतील माझें विधान मी येथें पूर्णपणें मागें घेतों. कारकुनास दूर कां केलें हें दप्तरावरून कळत नाहीं, आणि त्याविषयीं मी कांहीं लिहिणें हा पहिल्याच चुकीचा दुसरा अवतार होईल.

संग्राहकांसाठीं चार शब्द. हवाई बंदूक हातीं आली तर कारखान्याच्या नांवावरून जन्मस्थान ठरवूं नये. उदाहरणार्थ ‘डायना’ हें नांव मूळ जर्मनीतील रास्टाट येथील १८९० सालच्या कारखान्याचें; परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचीं यंत्रें व नांव इंग्रजांच्या हातीं जाऊन स्कॉटलंडांतील मदरवेल येथें मिलब्रो कंपनीनें त्याच नांवानें बंदुका काढल्या, आणि रास्टाटच्या कारखान्यास तें नांव निर्वेधपणें परत मिळण्यास १९८४ साल उजाडलें. नळीचें माप घेतांना जर्मन बनावटीस ५.५ व जुन्या इंग्रजीस ५.६ हा भेद ध्यानांत ठेवावा. ‘बावीस’ हा आंकडा दारूच्या रायफलीसहि लागतो, तेव्हां यादींतील ‘बावीसाची बंदूक’ हवाईच असेल असें गृहीत धरूं नये. कायद्याचेंहि भान असावें: २०१६ च्या शस्त्र-नियमांत हवाई हत्यारांची वर्गवारी करतांना २० जूल शक्ति व ४.५ मिलिमीटर नळी या दोन मर्यादा घातल्या आहेत, आणि नंबर २ ची नळी त्यांतील दुसरी मर्यादा ओलांडते. माळ्यावर सांपडलेली म्हणून ती परवान्यावांचून ठेवतां येत नाहीं.

शेवटीं वाचकांस एक विनंती. १९०५ ते १९४० च्या दरम्यानच्या वाटपपत्रांत, कीर्दींत अथवा दुकानांच्या पावत्यांत हवाई बंदुकीची किंवा तिच्या छर्र्यांची नोंद कोणाच्या पाहण्यांत आल्यास ती जशीच्या तशी, आंकडा, त्याची जागा व आजूबाजूच्या दोन ओळी यांसह उतरवून मंडळाकडे पाठवावी. मुंबईच्या ज्या दुकानांतून ही बंदूक आली त्याच्या पावत्या दुसऱ्या कोणत्याहि घराण्यांत असतील तर त्यांची विशेष अपेक्षा आहे; त्या दुकानाच्या कारकुनाची डबी व नंबर लिहिण्याची पद्धत कशी होती, हें पाहावयाचें आहे.